फेंडर नवा घ्या, दरवाजा जुना चालेल

पत्र :

काका, सप्रेम नमस्कार. मी पुण्यात वारज्यात राहते. आमच्याकडे २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, चंदेरी रंगाची. गाडी बाबांची, ते गेल्यापासून मी चालवते. महिन्यापूर्वी सोसायटीच्या दारात सिमेंटच्या गोण्या घेऊन आलेला टेम्पो मागे घेताना आमच्या गाडीच्या डाव्या अंगाला घासला. पुढचा डावा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, चेपलाय आणि त्यामागच्या दरवाजाचा पत्रा खालून फाटलाय. दरवाजा लागतो, पण जरा उचलून लावावा लागतो. टेम्पोवाल्याने दोन हजार रुपये दिले आणि हात जोडले. विमा फक्त थर्ड पार्टी. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही नवीन टाका : फेंडर २,४००, नुसता दरवाजा ९,५००, वर रंग आणि मजुरी मिळून ११,०००. भाऊ म्हणतो, जुन्या मालात फेंडर १,२०० ला आणि दरवाजा काचेसकट ५,५०० ला मिळतोय, नवीन घ्यायला वेडी आहेस का? एका दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "स्विफ्टचा ना? बसेल की!" जुना पत्रा घ्यावा का? आणि घेतला तर तो आपल्याच गाडीला बसेल हे आधी कसं ओळखायचं? दरवाजाच्या आतल्या कडेला बाबांनी लावलेला ऑइल बदलल्याच्या तारखेचा स्टिकर आहे, त्यामुळे तो भंगारात द्यायचं जिवावर आलंय, पण ते असो.
— एक वाचक, वारजे

उत्तर :

ताई, भाऊही अर्धा बरोबर आहे आणि गॅरेजवालाही. फेंडर नवीन घ्या, दरवाजा जुना घ्या. पण पैसे मोजण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलोय. "दरवाजा जरा उचलून लावावा लागतो." तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मला मात्र सगळं दुखणं तिथंच दिसलं.

दरवाजा उचलून लावावा लागतो म्हणजे तो खाली बसलाय. गाडीला बारा वर्षं झाली, बिजागरीची पिन झिजली असेल. किंवा टेम्पोच्या धक्क्याने बिजागरी वाकली असेल. ही दोन कारणं असतील तर बिजागरी बदलली की विषय संपला. तिसरं कारण त्रासाचं. बिजागरी ज्या खांबावर बसते तो खांबच जरा आत गेला असेल, तर तुम्ही दरवाजा जुना आणा नाहीतर करकरीत नवा, तोही उचलूनच लावावा लागणार.

हे घरच्या घरी बघता येतं. दरवाजा अर्धा उघडा, बाहेरच्या कडेला खालून धरा आणि हलकेच वर-खाली करा. बिजागरीपाशी खटखट जाणवली तर पिन गेली. काहीच हललं नाही तर फटी मोजा. उजव्या बाजूचा दरवाजा तुमच्याकडे धडधाकट आहे, तोच तुमचा नकाशा. एक व्हिजिटिंग कार्ड घ्या, घड्या घालून इतकं जाड करा की उजवीकडच्या फटीत घट्ट बसेल. मग तेच कार्ड डावीकडे वर, मधे आणि खाली घालून बघा. नंतर दोन्ही दरवाजे उघडून वरच्या बिजागरीच्या बोल्टपासून मागच्या खांबावरच्या कडीपर्यंत टेपने मोजा. दोन्हीकडचं माप सारखं आलं तर निश्चिंत व्हा. चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर आधी डेंटरकडून खांब ओढून घ्यायचा, खरेदी त्यानंतर.

हे मी हात पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सँट्रोला मी जुना फेंडर आणला. बेताने पुट्टी भरली, घासला, रंग मारला, दोन दिवस वाळवला, मग चढवला. हेडलाइटपाशी बोनेट आणि फेंडरच्या मधे करंगळी जाईल एवढी फट, आणि काचेपाशी काडेपेटीतली काडीसुद्धा जाईना. दुकानदाराला शिव्या घातल्या आणि दुसरा आणला. तोही रंगवून चढवला, तीच गत. तेव्हा कुठं टेप काढली. फेंडर वरून ज्या पट्टीवर बोल्टने बसतो ती एप्रनची, म्हणजे फेंडरच्या आतल्या सांगाड्याच्या पत्र्याची, पट्टीच मागे सरकलेली होती. पत्रे दोन्ही चांगले होते, वाकडी होती ती गाडी. दुकानदाराने परत घेतले नाहीत, आणि त्याचं तरी काय चुकलं? रंगवलेला पत्रा परत घेऊन तो कुणाला विकणार? ते दोन फेंडर कितीतरी दिवस गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे होते, येता-जाता माझ्याकडे बघत.

तेव्हापासून माझा हट्ट आहे : पत्रा आधी कोरा चढवायचा, सगळे बोल्ट हाताने लावायचे, बोनेट पाडायचं, दरवाजा उघडून-मिटून बघायचा, फटी बघायच्या, आणि मगच उतरवून पेंटरकडे द्यायचा. विकणाऱ्याशीही तसंच बोलायचं : "आठ दिवसांत कोरा चढवून बघतो, नाही बसला तर परत." विसार द्यायचा असेल तर ही अट त्या पावतीवर लिहून घ्यायची. नुसतं तोंडी "परत घेऊ की" याला पावसाळ्यातल्या पुट्टीइतकाच भरवसा.

आता फेंडर नवा का, ते सांगतो. जुन्या-नव्यात फरक १,२०० रुपयांचा. जुन्याला कुठंतरी पोचा असतोच, तो काढायचा, पुट्टी भरायची, घासायचा. पेंटरचा एक दिवस जास्त गेला की तुमचे १,२०० तिथंच संपले. कंपनीचा नवा फेंडर काळ्या प्रायमरमध्ये येतो. पेंटरला बजावून सांगा, तो काळा थर बारीक पेपरने नुसता खरखरीत करायचा, पत्र्यापर्यंत खरवडायचा नाही. गंजापासून राखणारा थर तोच आहे. आणि २,४०० हा भाव कधीचा तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. गॅरेजच्या वहीत जुना भाव असेल तर तो आता खाली यायला हवा.

दुकानात तुम्हाला तिसराही भाव सांगतील, लोकल मालाचा, म्हणजे कंपनीने न बनवलेल्या पत्र्याचा. सगळा लोकल माल वाईट नसतो, पण फेंडरच्या बाबतीत मी लांब राहतो. पत्रा पातळ, बोल्टची भोकं दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे, मग डेंटर कानस घेऊन भोक मोठं करत बसतो. चाकावरच्या कमानीपाशी अंगठ्याने दाबून बघा. लोकल पत्रा 'टक्' करून आत जातो आणि बाहेर येतो.

भाऊ म्हणेल, चंदेरीच फेंडर मिळतोय, रंगाचा खर्चच वाचला. पांढऱ्या गाडीला मी कदाचित हो म्हटलं असतं. चंदेरी हा पेंटरांचा सगळ्यात नावडता रंग. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस. पण कोड तोच असला तरी तुमची गाडी बारा वर्षं वारज्याच्या उन्हात उभी होती आणि तो फेंडर आणखी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये होता. शिवाय त्यातली धातूची चमकी फवारताना जशी बसेल तसा रंग दिसतो. सकाळी समोरून बघाल तर जुळलेला, संध्याकाळी पाचला तिरप्या उन्हात बघाल तर एक पत्रा राखाडी. तसाही तुमच्या दरवाजाला रंग लागणारच आहे. फेंडर आणि दरवाजा एकाच वेळी, एकाच डब्यातल्या रंगाने करून घ्या आणि मागच्या दरवाजाच्या पुढच्या भागावर रंग विरत न्यायला सांगा. पेंटर कुरकुर करेल, पाचशे-हजार जास्त मागेल. द्या.

दरवाजाचा हिशेब वेगळा. गॅरेजवाल्याच्या ९,५०० मध्ये नुसता सांगाडा येणार. काच, काचेची मशीन, लॉक, वायरिंग, रबर, आरसा हे सगळं तुमच्या दरवाजातून काढून त्यात भरायचं. ५,५०० च्या जुन्या दरवाजात यातलं बरंचसं आधीच असतं, म्हणजे तुमच्या दरवाजातली काचेची मोटर आणि लॉक तुमच्याकडे राखीव उरतात. बारा वर्षांच्या गाडीला ते लागणार आहेत.

"स्विफ्टचा ना? बसेल की" हे मात्र उत्तर नव्हे. स्विफ्ट आपल्याकडे २००५ मध्ये आली, ऑगस्ट २०११ मध्ये अंगाने पूर्ण बदलली, २०१८ मध्ये पुन्हा बदलली आणि २०२४ मध्ये आणखी एकदा. नाव तेच, दरवाजे चार तऱ्हांचे. तुमची दुसऱ्या पिढीची, म्हणजे २०११ च्या ऑगस्टपासून २०१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांमधला दरवाजा तुम्हाला हवा. दुकानदार डिझायरचा काढून दाखवेल आणि "एकच आहे" म्हणेल. असेलही, पण तोंडी नको, तुमच्या गाडीशेजारी उभा करून दाखव म्हणा.

पिढी जुळली तरी मॉडेलचं बघायचं राहतं. जाण्याआधी तुमच्या दरवाजाचे फोटो काढा. बाहेरून, आतून, आणि मुख्य म्हणजे दरवाजा उघडल्यावर बिजागरीच्या मधून रबराच्या नळीतून जी वायर येते तिचा प्लग. या प्लगवर सगळ्यात जास्त लोक फसतात. खालच्या मॉडेलला काच हाताने फिरवायची, वरच्याला बटणाने. वायरी कमी-जास्त, प्लगचे दात कमी-जास्त. आरसा बटणाने हलतो की आतल्या दांडीने, हँडल गाडीच्या रंगाचं की काळं, स्पीकरचं भोक आहे का, हे सगळं फोटोशी ताडून बघा. आणि इंडिकेटर! तुमच्या गाडीला तो फेंडरवर आहे की आरशावर? फेंडर नवा घेतानाही हाच प्रश्न. नको असलेल्या भोकाला वेल्डिंग करून बुजवायचं किंवा हवं असलेलं भोक कोऱ्या पत्र्याला पाडायचं, दोन्ही उद्योग वेडेपणाचे. फेंडरसाठी काउंटरवर आरसी बुकवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला लावा. मॉडेलचं नाव सांगून घेऊ नका.

आता दरवाजा हातात आला की काय बघायचं. पहिलं, खालची कड. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि त्या दुमडीवर कंपनीने सीलंटची सलग रेघ ओढलेली असते. तिच्यावरून बोट फिरवा. रेघ एकसारखी लागली तर पत्रा मूळचा. मधेच गाठी, मधेच काहीच नाही, असं लागलं तर कुणीतरी बाहेरचा पत्रा बदललाय किंवा ठोकलाय. त्याच कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. त्यांच्याभोवती रंग फुगलेला दिसला की आत गंज आहे, वरून कितीही चकाचक असो. भोकातून वाळलेला गाळ निघाला तर दरवाजा पुरात बुडालेल्या गाडीचा. सिंहगड रोडला एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये पाणी शिरलं होतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर सुट्या होऊन कुठं कुठं जातात, ते कुणी पाटी लावून सांगत नाही.

दुसरं, चुंबक. फ्रिजवरचा साधा चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथं तो ढिला पडतो तिथं खाली पुट्टी आहे. रुपयाएवढ्या जागेत असेल तर दुर्लक्ष करा, तळहाताएवढ्या जागेत असेल तर भाव पाडा, त्याहून मोठ्या जागेत असेल तर नमस्कार करून निघा.

तिसरं, काचेची चौकट. एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बघा, सुतार फळी बघतो तशी. चौकट बाहेर झुकलेली असली तर ताशी साठच्या पुढे वाऱ्याची शिट्टी आणि पावसात मांडीवर पाणी. बिजागरी बसते तिथला पत्रा सुरकुतलेला नको, वेल्डिंगचा डाग नको. बोल्टवरचा रंग उडालाय म्हणून बिचकू नका, दरवाजा काढलाय म्हटल्यावर तो उडणारच. घरून निघताना सुतळी घ्या. वरच्या बिजागरीच्या भोकापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तुमच्या उजव्या दरवाजाचं माप घेऊन गाठ मारा आणि तीच सुतळी या दरवाजावर धरा. शेवटी बॅटरीला वायर लावून काच एकदा खाली-वर करून दाखवायला सांगा.

कुठं जायचं? नवीन फेंडरसाठी नाना पेठ. दोन-तीन दुकानांत एकाच पार्ट नंबरचा भाव विचारा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं हँडल, क्लिपा, रबर असलं किडुकमिडुक बघायला जावं. दरवाजा घ्यायला मी नाही जाणार. चिखली-कुदळवाडीचा जुना पत्ता कुणी देत असेल तर फोन करूनच निघा, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं आणि शेड मोठ्या संख्येने पाडली. तुमचा गॅरेजवाला आणि त्याचा डेंटर यांना एखादा तोडफोडवाला, म्हणजे जुन्या गाड्या सुट्या करून विकणारा, माहीत असतोच. डेंटरला सोबत नेलंत तर त्याला दोनशे-तीनशे रुपये आणि चहा द्या. त्याने तिथं "नको ताई" म्हटलं, तेवढ्यात पैसे वसूल होतात. परगावचा माल फोनवर व्हिडिओ बघून मागवू नका. दरवाजाची कड कुरियरमध्ये हमखास वाकते, आणि आगाऊ पैसे घेऊन फोन बंद करणारे कमी नाहीत.

बिल घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर का होईना, दुकानाचं नाव, तारीख, आणि दरवाजा कोणत्या नंबरच्या गाडीचा ते लिहून घ्या. दुकानदार गाडीचा नंबर सांगायला टाळत असेल किंवा भाव अगदीच पाण्यातला असेल तर हात लावू नका. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ विकत घेणाऱ्यालाही लागतं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांखाली नोंदणी झालेल्या वाहन भंगार केंद्रातून माल मिळाला तर ही कटकट उरत नाही.

दरवाजा आणताना रिक्षात आडवा टाकू नका. जुनी गोधडी गुंडाळून उभा ठेवा, काच खाली उतरवलेली. दुसरा दरवाजा बसेपर्यंत त्या डाव्या सीटवर कुणाला बसवू नका. उचलून लावलेलं लॉक पूर्ण अडकलंय की अर्धं, ते बाहेरून कळत नाही.

ज्यांचा विमा पूर्ण आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. दहा वर्षांपुढच्या गाडीला, झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर, धातूच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्याशिवाय १,००० रुपये आपल्या खिशातले. ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) असताना दावा केला तर तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर जातो. या सगळ्या वर्षांतलं नुकसान मिळवलं तर बोनस वजा होण्याआधीचा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा, एका वर्षाचा जो हप्ता, त्याच्या सव्वापट भरतं. पॉलिसी काढा आणि तो आकडा बघा. मिळणारी रक्कम त्याहून बरीच जास्त असेल तर दावा करा, पण पत्रा उतरवायच्या आधी सर्व्हेअरला बोलवा.

तुमचा हिशेब : फेंडर २,४००, दरवाजा ५,५००, रंग-मजुरी ११,०००, एकूण १८,९००. गॅरेजवाल्याच्या आकड्यापेक्षा चार हजारांनी कमी, भावाच्यापेक्षा १,२०० नी जास्त. बिजागरी लागली तर ती, आणि पेंटरचे ते पाचशे-हजार, वेगळे. दरवाजाच्या ५,५०० मध्ये घासाघीस करा, चुंबक ढिला पडला ती जागा दाखवून करा.

तुमचा फाटलेला दरवाजा भंगारवाला किलोवर घेईल. त्याआधी काच, मशीन, लॉक, हँडल उतरवून घ्या. आणि बाबांचा स्टिकर. नखाने खरवडू नका, फाटेल. हेअर ड्रायर हातभर अंतरावरून मिनिटभर फिरवा, डिंक मऊ झाला की एका कोपऱ्यातून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि सावकाश सोला. नव्याने बसवलेल्या दरवाजाला रंग लागून पंधरा दिवस होईपर्यंत तो वहीत दाबून ठेवा, मग त्याच जागी लावा.